जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात? त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून बघू

व्हॉट्सॲपवर एसएसडीबद्दल, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसवायच्या चिपांच्या डिस्कबद्दल, एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. त्यात साधारण असं आहे: "जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवू नका, पैसे पाण्यात जातात. जुन्या पोर्टमुळे स्पीड मिळतच नाही, त्यापेक्षा रॅम वाढवा. एसएसडीवर लिहायची मर्यादा असते, दोन वर्षांत संपते. लॅपटॉप काही महिने बंद ठेवला तर डेटा उडून जातो. विंडोज परत विकत घ्यावी लागते. बसवलीच असेल तर दर आठवड्याला डिफ्रॅग करा. दुकानदार फसवतात, सरळ नवीन लॅपटॉप घ्या."

हे वाचून लोक चांगले चालणारे लॅपटॉप भंगाराच्या भावात देतायत आणि पोरांच्या कॉलेजसाठी ईएमआयवर नवीन घेतायत, याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. काही गोष्टी त्यात अर्धवट खऱ्या आहेत, त्याही सांगतो.

पहिलं म्हणजे पोर्टचं, डिस्क जिथे जोडतात त्या जागेचं. हाच मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना आणि हाच सगळ्यात चुकीचा आहे. २०११ च्या आसपास इंटेलच्या प्रोसेसरची सेकंड जनरेशन आली तेव्हापासून लॅपटॉपमध्ये साटा-३ पोर्ट यायला लागला, त्याचा वेग ६ गिगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ५५० एमबी. त्याच्या आधीच्या लॅपटॉपमध्ये साटा-२, तिथे २७०-२८० एमबी मिळतात. आता म्हणाल म्हणजे निम्माच की वेग, मेसेज बरोबरच आहे. पण थांबा, लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी) हार्ड डिस्क एकच मोठी फाईल सलग वाचताना जेमतेम शंभर-सव्वाशे एमबी देते, म्हणजे ती जुना पोर्टसुद्धा भरत नाही. आणि खरी गोष्ट तर अजून पुढेच आहे, कारण लॅपटॉप सुरू होताना सलग मोठी फाईल कोणी वाचतच नाही, हजारो बारक्या बारक्या फाईली डिस्कभर विखुरलेल्या असतात त्या वाचाव्या लागतात.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि एक हात त्यावर इकडून तिकडे सरकतो. ५४०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद, हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धी फेरी म्हणजे साडेपाच, त्यात हात सरकायला अजून बाराएक मिलिसेकंद. म्हणजे एक बारकी फाईल शोधायला सतरा-अठरा मिलिसेकंद गेले, सेकंदाला पन्नास-साठ फाईली झाल्या, संपलं. वाण्याच्या दुकानात यादीतल्या प्रत्येक जिनसासाठी पोऱ्याला वेगळ्या माळ्यावर चढावं लागलं तर जसं होईल तसं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिपा, एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. शंभर पटीपेक्षा जास्त फरक इथे आहे आणि तो जुन्या साटा-२ पोर्टवरसुद्धा जवळजवळ तसाच्या तसा मिळतो, कारण बारक्या फाईली वाचताना पोर्टची मर्यादा गाठलीच जात नाही.

पटत नसेल तर स्वतः बघा. लॅपटॉप चालू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. हार्ड डिस्क असेल तर बहुतेक वेळा दिसेल की डिस्क १०० टक्के आणि वाचण्याचा वेग मात्र एक-दोन एमबी. म्हणजे डिस्क पूर्ण दमलीय आणि काम काहीच होत नाहीये. तिथेच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम लिहिलेला असतो, तो कधीकधी शेकडो मिलिसेकंदांवर जातो. अपडेट, डिफेंडरचं स्कॅन, सर्च इंडेक्सिंग हे सगळे एकाच वेळी त्या एका हाताला पळवत असतात, आणि तुम्ही वर्ड उघडायला क्लिक करून बसलेले असता.

हां, एक मात्र खरं, तिथे डिस्क शांत असेल आणि सीपीयूच १०० टक्के दिसत असेल तर एसएसडीने फार फरक पडणार नाही. जुन्या सेलेरॉन किंवा ॲटम प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये असं होतं. म्हणून आधी हे बघा, मग खर्च करा.

रॅमचं. "त्यापेक्षा रॅम वाढवा" यातला "त्यापेक्षा" चुकीचा आहे, रॅम वाढवू नका असं मी म्हणत नाहीये. लॅपटॉपला ४ जीबी रॅम असेल आणि ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडे असतील तर रॅम अपुरी पडतेच, मग विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये टाकते आणि लागेल तसा परत आणते. ही ने-आण हार्ड डिस्कवर झाली की सगळं अडकून पडतं, माऊससुद्धा हलत नाही, एसएसडीवर झाली तर थोडं अडखळतं आणि पुढे जातं. म्हणजे कमी रॅमचा त्राससुद्धा एसएसडीने कमी होतो. उलट तसं होत नाही, रॅम ८ ची १६ केली तरी चालू होताना पहिल्यांदा सगळं डिस्कवरूनच वाचावं लागतं, तो वेळ तसाच राहतो. माझं मत विचाराल तर ८ जीबी आधीच असेल तर डोळे झाकून एसएसडी, ४ जीबी असेल तर आधी एसएसडी आणि जमेल तसं ४ जीबीची एक पट्टी. पट्टी घेताना डीडीआर३एल आहे की डीडीआर४ ते बघून घ्या, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवताच येत नाही.

आता "दोन वर्षांत संपते". एसएसडीच्या पेशींवर लिहायची मर्यादा असते हे बरोबर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, कंपन्या स्वतःच तो आकडा छापतात, टीबीडब्ल्यू म्हणून, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंतची वॉरंटी. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या २५० जीबी मॉडेलला तो १५० टेराबाइट आहे आणि वॉरंटी पाच वर्षं. आता हिशोब करा, रोज २० जीबी लिहिलं, जे ऑफिसकाम, ब्राउझिंग, ऑनलाइन क्लास करणाऱ्या माणसासाठी भरपूर झालं, तरी १५० टेराबाइट व्हायला साडेसात हजार दिवस लागतात. वीस वर्षं झाली. तोपर्यंत लॅपटॉपचं बिजागर, बॅटरी, कीबोर्ड यातलं काय शिल्लक असेल तुम्हीच सांगा.

आणि हा आकडा म्हणजे त्यापुढे लगेच मरते असंही नाही. टेक रिपोर्ट नावाच्या साइटने २०१३ ते २०१५ मध्ये २४०-२५६ जीबीच्या सहा एसएसडींवर रात्रंदिवस लिहून बघितलं होतं, त्या मरेपर्यंत. सहाच्या सहा ७०० टेराबाइटच्या पुढे गेल्या आणि दोन तर २ पेटाबाइटच्याही पुढे, म्हणजे दोन हजार टेराबाइट. आजच्या स्वस्तातल्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) चिपा त्यापेक्षा कमी टिकाऊ आहेत हे मान्य, म्हणून टीएलसी (एका पेशीत तीन बिट) घ्या, पण दोन वर्षांचं भूत घरच्या वापराला लागू होत नाही. किती लिहून झालंय ते क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये दिसतं, हेल्थ किती टक्के आहे तेही दिसतं.

डेटा उडण्याची गोष्ट कुठून आली ते सांगतो. जेडेक नावाची संस्था चिपांची स्टँडर्ड ठरवते, त्यांच्या एका जुन्या प्रेझेंटेशनमधला तक्ता २०१५ मध्ये बातम्यांमध्ये आला आणि "एसएसडी बंद ठेवली तर काही दिवसांत डेटा जातो" असे मथळे झाले. तो तक्ता होता लिहायची सगळी मर्यादा संपवून झालेल्या एसएसडीबद्दल, नव्या एसएसडीबद्दल नाहीच. स्टँडर्ड काय म्हणतं, तर घरगुती वापराच्या एसएसडीने पूर्ण झिजल्यानंतरसुद्धा ३० अंश तापमानाला बंद अवस्थेत एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. तुमची एसएसडी त्या झिजेच्या जवळपाससुद्धा नसते. सुट्टीत गावी गेलात, दोन महिने लॅपटॉप कपाटात राहिला तर काहीही होत नाही. वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायचे फोटो मात्र एसएसडीवर ठेवू नका, त्याला हार्ड डिस्कच बरी.

पण या मेसेजने जी खरी भीती सांगायला हवी होती ती सांगितलीच नाही. हार्ड डिस्क जाताना बरेचदा आधी कुरकुरते, टक टक आवाज करते, फाईली उघडायला वेळ लागतो, म्हणजे काही ना काही इशारा मिळतो. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे बाकीच्या चिपा सांभाळणारी मुख्य चिप, गेला की काल चालू होती आणि आज बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) दिसतच नाही, असं होऊ शकतं. शिवाय डिलीट केलेली फाईल एसएसडीवर परत मिळवणं फार अवघड, कारण ट्रिम कमांडने (ही जागा आता नको असं विंडोज एसएसडीला कळवते) ती जागा लवकरच मोकळी होते. म्हणून बॅकअप हवाच. तो हार्ड डिस्क असतानाही हवा होता, पण आता जास्त हवा.

विंडोज परत विकत घ्यायची गरज नाही. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, आणि विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की बायोसमध्येच असते. डिस्क बदलून तीच एडिशन नव्याने टाकली, नेट जोडलं, की आपोआप ॲक्टिव्हेट होते. नाहीतर क्लोन करा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवा, क्लोनझिला फुकट आहे, आणि बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर देतात. फक्त एक गोष्ट विसरू नका, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन बंद करून मग क्लोन करा. ४८ आकडी की मागणारी निळी स्क्रीन आली आणि की कुठेच नाही, अशी माणसं रडकुंडीला आलेली मी बघितलीयत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, हे एसएसडीने बदलत नाही. आठव्या जनरेशनचा लॅपटॉप असेल तर प्रश्नच नाही, एसएसडी टाका आणि ११ वर जा. त्याच्या आधीचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून बघा, ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ सगळं चालतं, मराठी टायपिंगसुद्धा, आणि एसएसडीवर तर ते फारच हलकं वाटतं.

डिफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाईली डिस्कवर ओळीने लावणं, करू नका. हात आणि तबकडीच नाही तर फाईली ओळीने लावून मिळणार काय, उगाच लिहिणं वाढतं. विंडोजला एसएसडी ओळखू येते आणि ऑप्टिमाइझ ड्राइव्हमधून ती स्वतःच ट्रिम पाठवते, ते शेड्यूल चालू राहू द्या, बस.

राहिलं "दुकानदार फसवतात". सरसकट सगळ्यांना असं म्हणणं अन्याय आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नीट बिल देऊन, समोर बसवून देणारे कितीतरी दुकानदार आहेत. पण फसवणूक होते हेही खरं, त्यामुळे काय बघायचं ते सांगतो. ऑनलाइन काही शे रुपयांत २ टीबी मिळत असेल तर ती खोटी, आत बारकी मेमरी असते आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगतो, एचटूटेस्टडब्ल्यू हा जागा तपासणारा प्रोग्राम चालवला की उघडं पडतं. नवी म्हणून जुनी बसवून देतात त्यावरही उपाय आहे, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स (किती तास चालू होती) बघा, नव्या एसएसडीला तो आकडा शून्याच्या जवळपास पाहिजे, हजारांत असेल तर तिथल्या तिथे परत द्या. बिलावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

घेण्याआधी लॅपटॉपमध्ये काय बसतं तेही बघा, नाहीतर दोन फेऱ्या होतात. जुन्यात अडीच इंची साटा बसते, ७ एमएम जाडीची, जागा साडेनऊची असली तर सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावायची. एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर तो साटा चालवतो की एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी) हे मॉडेलच्या माहितीतून बघा, दोन्ही दिसायला सारख्याच पट्ट्या पण काही स्लॉट एकच घेतात. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून दोन्ही डिस्क ठेवायच्या असतील तर एसएसडी मुख्य जागेत आणि हार्ड डिस्क कॅडीत, उलटं नको, काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा पोर्ट हळू असतो. कॅडी साडेनऊ आणि १२.७ एमएम अशा दोन मापांत येते, मोजून घ्या. बायोसमध्ये साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) असेल तर नव्याने विंडोज टाकण्याआधी एएचसीआय (नवी पद्धत) करा, नंतर बदललंत तर विंडोज चालूच न होण्याची शक्यता असते.

आणि काढलेली हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. टॅलीचा डेटा, आउटलुकच्या जुन्या मेल, डेस्कटॉपवरचे फोटो, सगळं नव्या एसएसडीवर उघडतंय ना ते काही आठवडे वापरून बघा, मग तीच डिस्क यूएसबी ३.० च्या एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायची पेटी) घालून बॅकअपला लावा, दर रविवारी जोडायची, कॉपी झाली की काढून वेगळी ठेवायची.