बटण कुणी बंद केलं?

आमच्या हॉलमधला दिवा लावायला पूर्वी एक बोट पुरायचं. आता फोन लागतो, फोनला चार्जिंग लागतं, वायफाय लागतं, आणि हे सगळं जुळून आलं तरी आईची परवानगी लागते.

दिवाळीच्या सेलमध्ये मी स्मार्ट बल्ब घेतला. खोक्यावर लिहिलं होतं, 1 कोटी 60 लाख रंग. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "यात साधा पांढरा आहे ना?"

बल्बची फोनशी ओळख करून द्यायची तर बटण तीनदा चालू-बंद करायचं, मग तो डोळे मिचकावतो. तो मिचकावत होता, फोन मात्र ओळख दाखवेना. पाऊण तास माझी खटखट चालली होती. शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, तुमचा फोन 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे. बल्बला फक्त 2.4 कळतं." म्हणजे घरातली सगळ्यात नवी वस्तू जुन्याच वायफायवर अडून बसली होती! या बाबतीत ती आमच्या घरात शोभून दिसली.

खरी अडचण पुढेच होती. बल्ब फोनचं ऐकायला जागा राहायचा, तर भिंतीवरचं बटण कायम चालूच हवं. आणि खोलीत कुणी नसताना बटण चालू दिसणं हा आमच्या घरात गुन्हा. मी आईला समजावलं, नुसता जागा असताना तो अर्धा वॉटसुद्धा खात नाही, महिन्याला अर्धा युनिटही होत नाही.

"मग तेवढं तरी कशाला?"

मी बटणावर सेलोटेप लावली. दुसऱ्या दिवशी बटण बंद, आणि टेप टीव्हीच्या कडेला नीट चिकटवून ठेवलेली. "चांगली होती रे, परत वापरता येईल."

मग ठरवलं, बल्ब राहू दे, बटणच स्मार्ट करू. वायरमनने बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बराच वेळ बघत राहिला. "साहेब, बोर्डात न्यूट्रलच नाही. नुसती फेज येते नि जाते. जुनी वायरिंग आहे." न्यूट्रल म्हणजे विजेची परतीची तार. बहुतेक स्मार्ट बटणांना जागं राहायला ती लागते, आणि ती ओढायची तर भिंत फोडायची. भिंतीला रंग लावून चारच महिने झाले होते. गिझरसाठी आणलेला स्मार्ट प्लगही त्याने हातात घेऊन परत ठेवला. गिझरची जाड पिन 16 ॲम्पिअरची, ती त्यात शिरेचना. सध्या त्या प्लगवर मिक्सर आहे. मुंबईच्या लोकलमध्ये बसून मी आता पुण्यातला मिक्सर सुरू करू शकतो. चटणी करायला मात्र घरीच जावं लागतं.

एका रात्री माझ्या हट्टाखातर आईने बटण चालू ठेवलं. नेमकी त्याच रात्री लाइट गेली, आणि पावणेतीनला आली. वीज परत आली की आमचा बल्ब आधीचं सगळं विसरून पूर्ण तेजाने पेटतो. बाहेर आलो तर हॉल लग्नाच्या मांडवासारखा झगमगत होता. आईने झोपेतच दिव्याला हात जोडले आणि उजाडलं समजून दूध तापवायला ठेवलं. घड्याळ पाहिल्यावर ती काही बोलली नाही. गॅस बंद केला, भिंतीकडे गेली, आणि टक्.

परवा नागपूरला मेहुण्याकडे होतो. जेवणं झाल्यावर सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, आता इथून पुण्यातला दिवा बंद करून दाखवतो. फोन म्हणाला, डिव्हाइस ऑफलाइन. मेहुणा बडीशेप चघळत माझ्याकडे बघत होता. मी गॅलरीत जाऊन घरी फोन लावला.

"आई, हॉलचं बटण जरा चालू कर ना."

"का रे? मी आत झोपायला आलेय."

"मला इथून बंद करायचंय."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"अरे, पण बंदच आहे की ते!"