मागे हिमालय टाकलाय, मॅडम

परवा अल्बम आणायला गेले आणि तेव्हापासून मी घरात कुणाशी धड बोललेली नाही. २०१५ च्या भूकंपानंतर आम्ही काही मंडळी नेपाळात, सिंधुपाल्चोकच्या डोंगरात, शाळेच्या तात्पुरत्या खोल्या बांधायला गेलो होतो. बांबू, पत्रे, पाऊस, जळवा. फोटो हार्ड डिस्कमध्ये पडून होते. ती कुरकुरायला लागली, म्हणून म्हटलं छापून ठेवावेत.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने पहिलं पान असं उलगडलं, की जणू नवरीकडच्यांना शालू दाखवतोय. फोटोत मी घमेलं घेऊन उभी. ओठ गुलाबी, गालांवर तकाकी, आणि मागे एक टोकदार बर्फाचा डोंगर.

“हा कुठला?”

“हिमालय. मागे नुसता राडारोडा होता, मॅडम. काढून टाकला. त्याचे एक्स्ट्रा घेतले नाहीत.”

हिमालय कसला! ते स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्न होतं, चॉकलेटच्या खोक्यावर असायचं ते. आणि ऐन पावसाळ्यात तिथे समोरची म्हैस दिसत नाही, हिमालय कुठून दिसणार? तो राडारोडा म्हणजे शाळा होती. त्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली, सगळ्यात जास्त याच जिल्ह्यात. २५ एप्रिलला शनिवार होता आणि तिकडे आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून वर्ग तेवढे रिकामे होते. याने माउस फिरवून सगळं साफ केलं. वर पुन्हा म्हणतो, “बॅकग्राउंड खराब होतं.”

एवढ्यात बँकेच्या केवायसीसाठी फोटो काढायला आलेले एक काका खुर्ची ओढून जवळ सरकले.

“कुठले हो हे?”

“नेपाळचे.”

“हे तर बाहेर ‘फॉरेन टूर’ म्हणत होते. व्हिसा लागतो का?”

“नाही.”

“पासपोर्ट?”

“मतदार ओळखपत्र चालतं.”

“मग ते कसलं फॉरेन! आमचा मुलगा न्यू जर्सीला असतो.” यावर काय बोलणार? मी पान उलटलं. “बरं, पशुपतिनाथ केलंत?”

“नाही जमलं.”

“मुक्तिनाथ?”

“नाही.”

“अहो ताई, मग केलंत काय?”

“पत्रे ठोकले.”

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की माझीच मला दया आली. “पत्रे काय, इथेही ठोकता आले असते,” ते म्हणाले. मग स्टुडिओवाल्याकडे वळून, अगदी आपुलकीने, “यांच्या मागे पशुपतिनाथ टाकून द्या हो. एवढं जाऊन यायचं आणि दर्शन नाही, बरं दिसत नाही.”

“टाकू की,” तो म्हणाला. “दोन दिवस लागतील.”

मी पुढची पानं पाहिली. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. माझा कॅमेरा भारतीय वेळेवर राहिलेला, बाकीच्यांचे फोन नेपाळी वेळेवर. याने सगळे फोटो वेळेप्रमाणे लावलेले. त्यामुळे एका फोटोत पत्रा चढलाय, पुढच्यात उतरलाय, मग पुन्हा चढलाय. बघणाऱ्याला वाटेल, सरकारी काम आहे.

शेवटच्या पानावर शाळेच्या मुख्याध्यापकांनी हाताने लिहून दिलेलं आभारपत्र. खाली तारीख होती असार २०७२, तिकडच्या विक्रम संवताप्रमाणे. छापून आली होती ‘आषाढ २०१५’. “सालच चुकलं होतं, मॅडम. पन्नाससाठ वर्षं पुढचं. मी दुरुस्त केलं.” एका माणसाने कोसळलेल्या शाळेबाहेर गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलेलं पत्र, आणि ते तपासणार कोण, तर हा! लोकांना सेवेचे फोटो हवेत, पण त्यात चिखल नको, मोडकं नको, दमलेली माणसं नकोत. मग लग्नाचेच बघा ना!

मी म्हटलं, “हे सगळं जसं होतं तसं करून द्या. मला तो राडारोडा परत हवाय.”

त्याने कॅल्क्युलेटर काढला. “आता परत टाकायचा म्हणजे एडिटिंग आलं, मॅडम. पानामागे साठ रुपये पडतील.”

काकांनी घासाघीस करून पन्नासवर आणलं.