मांडुळाच्या नावावर पूर्वजांना वेठीला धरू नका

मांडूळ या सापाबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, दावे तेच. मांडुळाला दोन तोंडं असतात, सहा महिने ते एका तोंडाने चालतं आणि सहा महिने दुसऱ्या. ते घरात ठेवलं की लक्ष्मी येते, पुरलेल्या धनाची जागाही ते दाखवतं. परदेशात त्यापासून कर्करोगावर औषध करतात, म्हणून दोन-अडीच किलोच्या मांडुळाला कोट्यवधी मिळतात. शेवटी ठरलेली ओळ असते, की हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा येतो. पण क्रमाने बघू.

दोन तोंडांचं म्हणाल, तर तोंड एकच असतं. शेपूट आखूड, जाड आणि टोकाला बोथट असते, त्यामुळे लांबून दोन्ही टोकं सारखी वाटतात. जवळून नीट पाहा. एका टोकाला बारीक डोळे आहेत, त्यांत उभी बाहुली आहे, मधूनमधून जीभ बाहेर येते. दुसऱ्या टोकाला यातलं काहीच नाही. धोका जाणवला की मांडूळ वेटोळं करून डोकं खाली दडवतं आणि शेपूट वर धरतं. शत्रू शेपटीवर तुटून पडतो, डोकं वाचतं. रानातल्या कित्येक मांडुळांच्या शेपटीवर अशा जखमांचे जुने वण असतात. काही गारुडी त्या शेपटीला डाग देऊन, कापून डोळ्या-तोंडासारख्या खुणा करत आणि बघ्यांना दुसरं तोंड दाखवत. लोकांनी पाहिलेलं ते दुसरं तोंड म्हणजे जिवंत जनावराला केलेली इजा होती.

आता लक्ष्मी आणि गुप्तधन. इथे पूर्वजांची साक्ष काढली जाते, म्हणून पूर्वज काय सांगत होते तेही आठवू. आपल्या गोष्टींमध्ये धनाच्या हंड्यावर बसतो तो नाग. लोभापायी पैसा पुरून ठेवणारा माणूस मेल्यावर साप होऊन त्यावर बसतो, आणि हंड्याला हात घालणाऱ्याचं कधी भलं होत नाही. मांडूळ धरून आणा, मग धन सापडेल, असं त्या गोष्टी सांगत नाहीत. उलट मांडुळाने चाटलं की कोड फुटतं, महारोग होतो, अशी भीती गावोगाव होती. तीही खोटीच. मांडूळ बिनविषारी आहे आणि त्याच्या स्पर्शाने कसलाही रोग होत नाही. पण ज्याला लोक अंगणातही येऊ देत नव्हते, ते घरात ठेवण्याची परंपरा कुठून आली?

नागपंचमीची कहाणी तर प्रत्येक मराठी घरात ऐकलेली असते. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मरतात. ती रागाने घरच्यांना डसते आणि मग त्याच्या सासरी असलेल्या मुलीकडे जाते. मुलगी पाटावर नाग काढून मनोभावे पूजा करत असते. ते पाहून नागीण निवते, अमृत देते आणि मुलीच्या माहेरची माणसं उठून बसतात. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. जमिनीखालच्या जिवाला चुकूनही धक्का लागू नये, एवढी काळजी या गोष्टीत आहे. जमीन उकरून साप पोत्यात भरणाऱ्याने तिचा आधार घेऊ नये.

गुप्तधनाच्या नादाने या राज्यात नरबळीसुद्धा गेले आहेत. म्हणूनच 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं गुन्हा ठरवली आहेत.

औषधाच्या दाव्यात काहीही तथ्य नाही. कर्करोगावरचं कुठलंही मान्य औषध मांडुळापासून बनत नाही.

राहिले कोट्यवधी रुपये. पूर्ण वाढलेलं मांडूळ साधारण अडीच-तीन फुटांचं असतं, अडीच किलो भरणं जवळपास अशक्यच. तरी वजनाचा हट्ट असतो, आणि तो भागवायला सापाला कोंबून खाऊ घालण्यापासून पोटात छर्रे घालण्यापर्यंत मजल जाते. विकायला निघालेल्या माणसाला खरा खरेदीदार सहसा भेटतच नाही. भेटतो तो दुसरा दलाल, नाहीतर पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक. ठाणे, पुणे, सोलापूर अशा ठिकाणांहून आलेल्या अटकेच्या बातम्या वाचा. पकडली जातात ती लवकर पैसा मिळेल या आशेने आलेली साधी पोरं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडुळाला संरक्षण आहे. ते पकडणं, बाळगणं, विकणं म्हणजे तुरुंगाची वाट.

सापाचं नुकसान याहून मोठं. जाडजूड मांडूळ बहुधा मादी असते. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि एका वेतात पिल्लं मोजकीच. वजनदार म्हणून तीच उचलली, की त्या शिवारातली पुढची पिढी गेली. तिथले उंदीर खाणारं जनावरही गेलं. मांडूळ उंदराला विळख्यात आवळून मारतं, तेही बिळात शिरून. भुईमूग-ज्वारीच्या शेतकऱ्याला त्याचा हा उपयोग मात्र खरा आहे.

नांगरताना किंवा पाया खणताना मांडूळ निघालं तर काम थोडं थांबवा, ते आपणच भुसभुशीत मातीत शिरतं. घरात किंवा विहिरीत अडकलं असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आणि तो मजकूर तुमच्या गटात आला तर पुढे ढकलू नका, त्याच्याखाली हे लिहा.