भ गणातली तक्रार

सुरू होताना आमचा कॉम्प्युटर एक आखूड 'पिप' करतो, हे मला पंधरा वर्षं माहीत होतं आणि त्याकडे मी पंधरा वर्षं लक्ष दिलं नव्हतं. रविवारी हौसेने कॅबिनेट उघडून धूळ झाडली. सोमवारी बटण दाबलं, तर तो म्हणाला, "पीऽऽप, पिप, पिप." स्क्रीन काळाठिक्कर.

चालू झाल्याझाल्या मशीन आधी स्वतःलाच तपासतं: प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले. यातलं काही डिस्प्ले जागा होण्याआधीच बिघडलं, तर पडद्यावर लिहून कळवायची सोय नसते. तक्रारीला उरतो मदरबोर्डला लटकलेला, बोटाच्या पेराएवढा स्पीकर. १९८१ सालच्या आयबीएम पीसीतही हीच रीत होती. तेव्हा सगळं ठीक असेल तर एक आखूड पिप, आणि एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची कुरकुर. कारण पटतं. पण रडायचं तर तान्ह्या बाळासारखं रडावं, वृत्तात कशाला?

कारण हे वृत्तच होतं. गुरू, लघु, लघु. य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गं मधला 'भानस', म्हणजे भ गण! शाळेत ज्याने माझे मार्क खाल्ले, तो आता माझ्या मशीनमधून बोलत होता.

"बाबा, शेवटचा लांब होता," मुलगी म्हणाली. म्हणजे तिच्या मते स गण. बायकोला चार पिप ऐकू आले होते. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिघांनी श्वास रोखले, आणि नेमक्या वेळी मला शिंक आली.

शेवटी भ गणावर एकमत झालं, आणि मोबाईलवर अर्थ शोधल्यावर खरी पंचाईत कळली. सुरुवातीची ही तपासणी करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम म्हणजे बायोस. तो कुठल्या कंपनीचा, त्यावर अर्थ ठरतो. एएमआयच्या तक्त्यात नुसते पिप मोजायचे: पाच झाले तर प्रोसेसर, आठ झाले तर डिस्प्लेची मेमरी. फिनिक्सवाले मध्ये दम घेत १-३-१-१ असं काहीतरी बोलतात, जणू फोन नंबरच सांगताहेत. आपला बायोस कोणता, हे ओळखायचं कसं? सोपं आहे. सुरू होताना त्याचं नाव स्क्रीनवर येतं.

काळाठिक्कर स्क्रीनवर.

मग मी एएमआय असेल असं धरून चाललो. लांब-आखूड सोडा, एकूण तीन. तीन म्हणजे मेमरी. प्लग काढला, मेमरीची, म्हणजे रॅमची, पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि पट्टी परत बसवली. एका बाजूची खिट्टी 'टक' झाली. दुसरी झाली असावी, असं मीच ठरवलं.

"पीऽऽप... पीऽऽप... पीऽऽप..." आता नुसते गुरूच. आधी कण्हत होता, आता गळा काढला.

"अहो, तुम्ही हात लावण्याआधी बरा होता तो," बायको म्हणाली.

मग टॉर्च घेऊन मदरबोर्डवर वाकलो, तेव्हा एका चिपवरच्या लेबलावर अक्षरं दिसली: अवॉर्ड. म्हणजे बायोस बनवणारी तिसरीच कंपनी. त्या तक्त्यात एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले. एकसारखे लांब म्हणजे मेमरी. थोडक्यात, मेमरी मी हात लावेपर्यंत निर्दोष होती. आणि डिस्प्ले सांभाळणारं ग्राफिक्स कार्ड रविवारच्या फडक्याने एका टोकाला नखभर उचललं होतं.

खिट्टी दाबली, कार्ड दाबलं. घरात स्मशानशांतता.

"पिप."

"लघु!" मी ओरडलो. स्क्रीन उजळला. इतका वेळ ज्याला 'बाबा रे, नीट शब्दांत सांग' म्हणून विनवत होतो, त्याला अखेर वाचा फुटली. इंग्रजीत का होईना, पण स्वच्छ शब्दांत. कीबोर्ड जोडलेला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा.