अनुदान जनतेच्या पैशाचं, आमचं पेमेंट मात्र ‘रिलीजनंतर’

‘शिकायला मिळतंय ना, मग पैशांचं एवढं काय?’ हे वाक्य ऐकून ऐकून डोकं फिरलंय. काय शिकायला मिळतं हो? मी मराठी सिनेमांत कॉस्च्युम असिस्टंट आहे. पहाटेचा कॉल टाइम ठरलेला, पॅकअपचा पत्ता नाही. नऊवाऱ्या नेसवा, इस्त्र्या करा, कंटिन्युइटीचे, म्हणजे पुढच्या शॉटला कपडे तसेच दिसावेत म्हणून फोटो काढा, रात्री घामेजलेले कपडे मोजून धुवायला टाका. एखादा रंग कॅमेऱ्यात कसा उतरतो, जुन्या काळातल्या पेहरावाचे संदर्भ कुठे शोधायचे, डिपार्टमेंटचं बजेट कसं बसवायचं, हे मला आजवर कुणी समोर बसवून सांगितलेलं नाही. डिझायनर स्वतःच दोन-तीन सिनेमांमागे धावतेय, तिला तरी वेळ कुठला? चुकलं की सगळ्या युनिटसमोर ओरडा खायचा, एवढंच.

आणि पैसे? ‘नव्वद दिवसांनी.’ मग ‘रिलीज होऊ दे.’ मग ‘सिनेमा चालला नाही गं, समजून घे.’ मी का समजून घेऊ? नफा झाला असता तर मला वाटा दिला असता का? सेटवर जायला रिक्षाचे पैसे मी घालायचे, पिना आणि सुईदोरा मी आणायचा, आणि वर माझाच मेसेज ‘सीन’ करून सोडून द्यायचा!

मला सगळ्यात जास्त चीड येते ती अनुदानाची. मराठी सिनेमाला सरकार मदत करतं आणि ती करायलाच हवी. 1975 पासून करमणूक कराचा परतावा मिळायचा, नंतर थेट अनुदान आलं. अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30 लाख. हे पैसे कुणाचे? तुमचे-माझे, करातून आलेले. सरकारची समिती पूर्ण झालेला सिनेमा बघते, गुण देते, दर्जा ठरतो. पण तो ‘दर्जा’ पडद्यावर आणायला जी माणसं अठरा-अठरा तास राबली, त्यांना मेहनताना मिळाला का, हे पडद्यावर कसं दिसणार? माझी थकलेली बिलं कुठल्या फ्रेममध्ये आहेत?

कायदा नाही असंही नाही. संसदेने 1981 साली सिनेकामगारांसाठी कायदा केला, त्यात लेखी कराराशिवाय कामावर घेऊ नये असं स्पष्ट होतं. नव्या श्रम संहितेतही लेखी कराराची अट आहे. मी करार मागितला तेव्हा प्रॉडक्शनवाल्याने असं बघितलं की जणू त्याची किडनीच मागितली. पुढच्या शेड्यूलला मला फोन आला नाही.

शिकवण्याची परंपराही याच मातीत होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल हाताखाली काम करत तयार झाले आणि त्यांनीच 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी केली. त्या स्टुडिओत माणसं महिन्याच्या पगारावर होती. प्रभातच्या पुण्यातल्या जागेवर 1960 पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे मोजक्या जागा, बाकी आम्ही हजारो जण सेटवर धक्के खात शिकायचं. अनुदान घेणाऱ्या सिनेमाने प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये एक शिकाऊ माणूस स्टायपेंड देऊन घ्यावा, ही काय फार मोठी मागणी आहे?

बायकांचं तर बोलूच नका. गावाबाहेरच्या लोकेशनवर व्हॅनिटी फक्त कलाकारांना, आम्ही शेताच्या बांधाकडे बघायचं. मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या अडचणींवरचा केरळच्या हेमा समितीचा अहवाल 2024 मध्ये बाहेर आला. स्वच्छतागृह नसल्याने बायका सेटवर पाणी पिणं टाळतात, असं त्यात वाचलं आणि सुन्न झाले. हे मीही करते. माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी करतात. दोघींना त्यापायी इन्फेक्शन होऊन दवाखाना गाठावा लागला, तोही स्वखर्चाने.

म्हणून सरळ सांगते. अनुदानाच्या अर्जासोबत युनिटमधल्या प्रत्येकाचा लेखी करार आणि पैसे बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागा, स्पॉटबॉयपासून सगळ्यांचा. थकबाकी असेल तर ती अनुदानातून आधी परस्पर कामगाराच्या खात्यात वळवा, उरलेले निर्मात्याला द्या. ज्याच्याकडे युनिटला द्यायला पैसे नाहीत, त्याने शूटिंगचा नारळ फोडूच नये.