फिरती खुर्ची नाही, मतं फिरली

लेखात म्हटलंय की युगोस्लाव्हियाचे दीर्घकाळचे नेते टिटो यांच्यानंतर दरवर्षी अध्यक्ष बदलायची पद्धतच त्या देशाला बुडवून गेली. हे पटलं नाही. टिटो ४ मे १९८० ला गेले आणि त्यानंतर दर मे महिन्यात सहा प्रजासत्ताकं आणि दोन स्वायत्त प्रांत यांच्या आठ सदस्यांच्या मंडळात खुर्ची ठरल्याप्रमाणे पुढच्याकडे जात राहिली, मॅसेडोनिया, बोस्निया, स्लोव्हेनिया, सर्बिया, अगदी कोसोव्होच्या सिनान हसानींचाही नंबर लागला १९८६ मध्ये, खुर्ची बदलताना कुठे गोळी नाही की रणगाडा नाही. दहा वर्षं चाललं हो हे! बिघडलं ते सर्बियाचे नेते मिलोशेविचनी व्होयव्होदिना, माँटेनेग्रो आणि कोसोव्होत आपली माणसं बसवल्यावर. सर्बियाचं धरून आठातली चार मतं एकाच्या खिशात गेली तर मग पाळी कसली राहते? १५ मे १९९१ ला क्रोएशियाच्या मेसिचचा नंबर होता, पाच मतं लागत होती, ती मिळू दिली नाहीत. शेवटी युरोपियन मंत्र्यांनी मध्ये पडून जूनअखेर त्यांना बसवलं पण तोवर स्लोव्हेनिया न् क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलेलं होतं.

मी नोकरीसाठी स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, दोन वर्षं होतो, घरमालकीण आजींच्या स्वयंपाकघरात अजून टिटोंचा फोटो होता, फ्रिजच्या वर, रोज पुसलेला. ज्या हॉस्पिटलात टिटो वारले ते तिथून चालत वीस मिनिटांवर. आजी म्हणायच्या, आम्हाला अध्यक्षांची नावं पाठ नसायची पण पगार वेळेवर आला की झालं, आणि मग महागाईने तो पगारच खाल्ला. कर्ज आणि महागाईबद्दल तर लेखात एक ओळही नाही, त्यावर लिहायलाच हवं होतं.