पोटाला चौदाचा पाढा शिकवा

सोलापुरात बाहेर जेवायला निघालात की चष्मा विसरू नका. जेवण बघायला नव्हे, ते नाकाला आणि जिभेला कळतं. चष्मा लागतो तो गल्ल्यामागची भिंत वाचायला. वर सिद्धरामेश्वरांचा फोटो, खाली मालकाच्या वडिलांचा, त्याच्याही खाली काचेच्या फ्रेममध्ये अन्न परवाना. परवान्याचा नंबर चौदा आकडी. त्यातले पाच आकडे उदबत्तीच्या धुराने पिवळे पडलेले असतात, दोन हाराखाली गेलेले असतात. उरलेले सात शांतपणे वाचा आणि निर्धास्त भाकरी मोडा. हात धुवायच्या निमित्ताने मागच्या मोरीपर्यंत जाऊ नका. तिथे एक पोऱ्या दोन बादल्यांत पंगतभर ताटं बुचकळत असतो. उजनीचं पाणी आपल्याच नळाला रोज येत नाही, मग हॉटेलातल्या ताटाने रोज नव्या पाण्याची अपेक्षा का धरावी?

या चौदाचा महिमा मोठा आहे. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा २०११ च्या ऑगस्टपासून लागू झाला, आणि त्याला हा आकडा फार आवडतो. परवान्याचे आकडे चौदा. नमुना प्रयोगशाळेत गेला की अहवालाला मुदत चौदा दिवसांची. हॉटेलात घाण सापडली तर आधी सुधारणा नोटीस, तिचीही मुदत किमान चौदा दिवस. समुद्रमंथनातून रत्नं चौदाच निघाली होती. त्यातलं चौदावं आपल्याकडे कुणाला दाखवतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथे ते गिऱ्हाइकाला दाखवायची पद्धत आहे.

मला ते गेल्या उन्हाळ्यात दिसलं. पनीर मसाला खाल्ला दुपारी दोनला, पोटाने अहवाल दिला सहाला. दुसऱ्या दिवशी लिंबूपाण्याची बाटली हातात घेऊन मालकाकडे गेलो. तो जराही चिडला नाही. भिंतीकडे बोट करून म्हणाला, “काका, आमच्याकडं लायसन हाय की.” मी बघितलं. खरंच होतं. तेव्हापासून मी पोटालाच समजावतोय, बाबा रे, कायदा चौदा दिवस थांबतो, तुला चार तास दम निघत नाही? अजून त्याला पाढा येत नाही. तुमचं पोट शहाणं असेल, तर आजपासूनच सवय लावा.

तक्रार करायचीच असेल तर ती योग्य दारात करा. परवाना आणि नमुने हे अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे राज्य सरकारचं काम. गाडा रस्त्यात कुठे उभा आहे, हे महापालिकेचं. म्हणून मोहीम निघते तेव्हा कधीकधी गाडा अतिक्रमणाच्या गाडीत चढतो आणि चटणीचं भांडं फुटपाथवर राहतं. चटणीचं अतिक्रमण पोटात असतं, ते या विभागात मोडत नाही.

मिठाईवाल्यांवर मात्र विश्वास ठेवा. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. आमच्या पेठेतल्या एका दुकानात त्यासाठी छोटी पाटी ठेवली आहे. रोज सकाळी मुलगा येतो, ओल्या फडक्याने कालची तारीख पुसतो, खडूने नवी घालतो. नंतर त्याच फडक्याने काच. पेढा जागचा हलत नाही. म्हातारं न होण्याचं औषध शोधायला लोक हिमालयात कशाला जातात कोण जाणे.

कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, विषमज्वराची लस, त्याचा दाखला, हे सगळंही असतं. दाखला आचाऱ्याचाच असतो, फक्त तो आचारी दिवाळीत पुण्याला गेला.

तेलाचं विचारू नका. तळणाच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने साठणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल तळणाला लागत असेल तर नोंदवही ठेवायची आणि बाद तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांना द्यायचं, त्याचं बायोडिझेल होतं. तुमच्या ओळखीत कुणी मोठा हॉटेलवाला असेल तर त्याला ४९ वर थांबायला सांगा. आणि काळं मटण मिटक्या मारत खाणाऱ्या गावाला काळ्या तेलाचं काय भय? वर्तमानपत्रात बांधून दिलेली भजीही खुशाल घ्या. नियमाने ते चालत नाही, पण बोटाला शाई लागली की मतदान केल्यासारखं समाधान मिळतं.

एवढं करूनही शंका उरली, तर शेवटचा उपाय सांगतो. कायद्याचं ४० वं कलम फारसं कुणी वाचत नाही. साधा गिऱ्हाईकही फी भरून पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परतही मिळते. अट एकच, घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला नेतोय.

मी ती अट पाळून बघितली. संध्याकाळची वेळ, गाड्याभोवती ही गर्दी, कढईत डिस्को भज्यांचा घाणा फुललेला. प्लेट हातात घेतली आणि घसा साफ करून म्हणालो, “ही मी प्रयोगशाळेत देणार आहे.” त्याचा झारा थांबला. प्लेट त्याने माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला दिली.

“तपासायला पायजे व्हय?” तो म्हणाला. “मग आधी सांगायचं की. थांबा पाच मिनिटं, नव्या तेलातली देतो.”